भूत कोणाचे, स्मृती कोणाची? : मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची भूतकथा आणि इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना :

जुन्या वास्तू रात्रीच्या वेळी दाखवून त्यांच्याशी निगडित भुताखेतांच्या कथा सांगण्याचा व्यवसाय गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत चांगलाच स्थिरावला आहे. इंग्लंडमधील यॉर्क शहरात १९७३ पासून अशी पायी भूतफेरी चालत आली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील स्टॅनली हॉटेल हे या व्यवसायाचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण होय. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलात १९७४ मध्ये कादंबरीकार स्टीफन किंग यांनी मुक्काम केला आणि १९७७ मध्ये त्यांची ‘द शायनिंग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या हॉटेलची ख्याती आणि तेथील रात्रीच्या फेऱ्या यांचा संबंध दृढ झाला. किंग ज्या २१७ क्रमांकाच्या खोलीत उतरले होते, तेथे १९११ मध्ये वायूचा स्फोट होऊन एक सेविका जखमी झाली होती. ती त्या अपघातातून वाचली. तथापि भूतफेरीत ती त्या खोलीतील भूत म्हणूनच वावरते. घडलेल्या घटनेचा एक धागा घेऊन भूतकथा कोणते वस्त्र विणते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

भारतातही अशा वास्तू आहेत. कोटा येथील ब्रिजराज भवन हे मूळचे ब्रिटिश रेसिडेन्सीचे निवासस्थान. १८५७ च्या उठावात तेथे मेजर बर्टन व त्यांचे दोन पुत्र मारले गेले आणि पुढे हॉटेल झालेल्या त्या वास्तूशी त्यांचे भूत जोडले गेले. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलची कथा १९११ मध्ये तेथे विषबाधेने मरण पावलेल्या एका इंग्रज स्त्रीभोवती गुंफलेली आहे. महाराष्ट्रात या कोटीतील सर्वांत मोठी वास्तू म्हणजे मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल. प्रवासविषयक लेखन आणि ‘झपाटलेल्या जागां’च्या याद्या यांतून या हॉटेलची एक भूतकथा पुनःपुन्हा सांगितली जाते. प्रस्तुत लेखात त्या कथेची ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे :

१) ताजमहाल हॉटेलच्या प्रचलित भूतकथेतील विधाने वास्तूच्या ज्ञात इतिहासाशी ताडून पाहणे.
२) सदर कथेमुळे इतिहासातील कोणती नावे झाकली गेली, याचा शोध घेणे.
३) शनिवारवाड्याच्या कथेशी तुलना करून भूतकथेचे इतिहाससाधन म्हणून मूल्य ठरविणे.
४) स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात रात्रीच्या वास्तुदर्शन-फेरीचा उपयोग करता येईल काय, याचा विचार करणे.

गृहीतक :

भूतकथा ही ज्या काळाविषयी सांगितली जाते त्या काळापेक्षा ज्या काळात सांगितली जाते त्या काळाविषयी अधिक माहिती देते.

मराठी परंपरेतील भूत आणि हॉटेलातील भूत :

‘भूत नसतेच’ हे विवेकनिष्ठ उत्तर योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे काम तेथे संपत नाही. विशिष्ट समाजाने विशिष्ट ठिकाणी विशिष्ट व्यक्तीचेच भूत का मानले, हा प्रश्न उरतो. मराठी लोकसमजुतींत भुतांचे तपशीलवार वर्गीकरण आढळते. आर. ई. एन्थोव्हेन यांच्या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या लोकसाहित्यविषयक ग्रंथात ‘घरचे भूत’ आणि ‘बाहेरचे भूत’ असा भेद नोंदविलेला आहे. मुंज झाल्यावर, पण सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात वारलेली स्त्री ती हडळ वा अळवंतीण. मालमत्तेत जीव अडकलेला तो समंध. यांपैकी प्रत्येकाचे जिवंत माणसांकडे काही मागणे असते. राहिलेला संस्कार, न मिळालेले पिंडदान, बळकावलेली जमीन असे काहीतरी देणे शिल्लक असते आणि ते फेडले की भूत शांत होते, अशी श्रद्धा असे. म्हणजेच भूत हा कुटुंबातील व गावातील अपुऱ्या राहिलेल्या कर्तव्याचा हिशेब होता.

हॉटेलातील भूत या व्यवस्थेत बसत नाही. हॉटेल हे कोणाचेच घर नसते. तेथे प्रत्येक जण पाहुणा असतो. त्यामुळे तेथील भुताचे कोणाकडे येणे नसते आणि त्याला शांत करण्याची जबाबदारीही कोणावर नसते. त्याने केवळ दिसावे, भिववावे आणि वास्तूची शोभा वाढवावी, एवढीच अपेक्षा असते. ताजमहाल हॉटेलचे भूत हे अशाच प्रकारचे, आधुनिक व आयात केलेल्या धाटणीचे भूत आहे.

प्रचलित कथा :

ही कथा थोडक्यात अशी : हॉटेलचा आराखडा डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यकाराने केला व तो मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधली गेलेली. समुद्राकडे असावयाची दर्शनी बाजू शहराकडे आणि पिछाडी समुद्राकडे झालेली. या धक्क्याने त्याने त्याच इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. तेव्हापासून त्याचा आत्मा जुन्या इमारतीच्या दालनांतून फिरतो. कथेत तीन विधाने आहेत : आराखडा चेंबर्स यांचा होता; इमारत चुकून उलटी बांधली गेली; आणि स्थापत्यकाराने आत्महत्या केली. या विधानांचा क्रमाने विचार करणे योग्य ठरेल.

वास्तूचा इतिहास आणि कथेची चिकित्सा :

जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) यांनी १८९८ मध्ये अपोलो बंदराजवळील जागा भाडेपट्ट्याने घेतली. तो काळ मुंबईच्या दृष्टीने कठीण होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे म्हणजेच प्लेगचे निदान केले होते आणि त्यानंतर हजारो लोक शहर सोडून गेले होते. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजींनी हे हॉटेल बांधले, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. प्लेगने खचलेल्या शहरावरील विश्वास पुन्हा उभा करणे, हा हेतू त्या काळाशी अधिक सुसंगत वाटतो.

हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी डी. एन. मिर्झा यांच्या सहकार्याने तयार केला. व्हिक्टोरिया टर्मिनसचे स्थापत्यकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्यासमवेत काम केल्याचा वैद्य यांना अनुभव होता. १९०० मध्ये, हॉटेलचे काम अपूर्ण असतानाच, वैद्य यांचे निधन झाले. त्यानंतर चेंबर्स यांच्याकडे काम सोपविण्यात आले व त्यांनी ते पूर्णत्वास नेले. कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी होते. मध्यवर्ती भव्य जिन्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले. यावरून पहिले विधान टिकत नाही. चेंबर्स हे आराखड्याचे मूळ कर्ते नसून दुसऱ्याने आरंभिलेले काम पुरे करणारे होते.

यातूनच तिसऱ्या विधानाचाही निकाल लागतो. ज्याने बांधकामाचा उत्तरार्ध स्वतः पाहिला, त्याला इमारतीची दिशा पाहून धक्का बसण्याचे कारण नव्हते. आराखडा ज्यांचा होता ते वैद्य तर इमारत पुरी होण्याच्या तीन वर्षे आधीच वारले होते. परदेशाहून परतून पूर्ण इमारत प्रथमच पाहणारा स्थापत्यकार या घटनाक्रमात कोठेच बसत नाही.

दुसरे विधान अधिक बारकाईने तपासण्याजोगे आहे, कारण त्यात एक दृश्य सत्य दडलेले आहे. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार खरोखरच शहराच्या बाजूस होते. जुनी इमारत इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची असून तिच्या दोन भुजा शहराकडे वळलेल्या आहेत. आज जेथे पोहण्याचा तलाव आहे, त्या बाजूने पाहुण्यांच्या घोडागाड्या आत येत. शहरातून येणाऱ्या गाडीने शहराच्या बाजूनेच आत यावे, हे स्वाभाविक होते. आणि समुद्राची हवा व बंदराचा देखावा खोल्यांच्या वाट्याला यावा, हे हॉटेलच्या व्यवसायाला धरूनच होते. ही रचना चुकून झालेली नसून ती विचारपूर्वक केलेली होती.

मग ती ‘उलटी’ का वाटू लागली? याचे उत्तर हॉटेलसमोरच्या जागेच्या इतिहासात आहे. १९०३ मध्ये गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वात नव्हते. पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ ते योजले गेले. १९१५ ते १९१९ या काळात अपोलो बंदरावर भराव घालून जागा तयार करण्यात आली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर अपोलो बंदर हे शहराचे शोभास्थान झाले. पर्यटक जेथे उभा राहून हॉटेल पाहतो, ती जागाच हॉटेलनंतरची आहे. पुढे १९७३ मध्ये मनोऱ्याची नवी इमारत उभी राहिली, जुना प्रवेश बंद झाला आणि ये-जा बंदराच्या बाजूने होऊ लागली. पिछाडी ही आघाडी झाल्यावरच मूळची आघाडी चुकीची वाटू शकते. म्हणून ‘उलट्या इमारती’ची कल्पना उत्तरकालीन मानणे सयुक्तिक ठरते.

भ्रमणशील दंतकथा :

या तर्काला परदेशातील एका उदाहरणाने पुष्टी मिळते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील केल्व्हिनग्रोव्ह कलादालनाबद्दल नेमकी हीच कथा सांगितली जाते : इमारत उलटी बांधली गेली आणि स्थापत्यकाराने मनोऱ्यावरून उडी घेतली. हे दालन १९०१ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी खुले झाले, म्हणजे ते ताजमहाल हॉटेलचे समकालीन होय. त्याच्या दोन स्थापत्यकारांपैकी जॉन सिम्प्सन हे पुढे ब्रिटिश स्थापत्यकारांच्या राजसंस्थेचे अध्यक्ष झाले, वेम्ब्ली क्रीडांगणाच्या उभारणीत सहभागी झाले आणि १९३३ मध्ये वारले. आत्महत्येची कथा अर्थातच निराधार आहे. ताजमहाल हॉटेलच्या कथेचा साचा असा तयारच होता. त्यात मुंबईचे नाव तेवढे भरले गेले. अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक यान हॅरॉल्ड ब्रुनव्हँड यांनी १९८१ मधील ग्रंथातून लोकप्रिय केलेली ‘शहरी दंतकथा’ ही संज्ञा अशा कथांना तंतोतंत लागू पडते.

साचा परका असला तरी त्यात कोणाचे नाव भरावे, ही निवड मात्र स्थानिक असते आणि तीच इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. या इमारतीच्या बांधकामादरम्यान एका स्थापत्यकाराचा मृत्यू खरोखरच झाला होता. तो वैद्य यांचा. अपुऱ्या राहिलेल्या कामाचा, न पाहिलेल्या पूर्ततेचा चटका कोणाच्या वाट्याला आला असेल तर तो त्यांच्याच. मराठी परंपरेप्रमाणे इच्छा अपुरी राहिलेला मनुष्य तेच ठरतात. तरीही कथेने चेंबर्स यांना निवडले. मोठी वास्तू म्हणजे इंग्रजाचा आराखडा आणि चूक म्हणजे देशी माणसाच्या हातून झालेली, हे वसाहतकालीन गृहीत या कथेत जसेच्या तसे टिकून आहे. ‘इमारत उलटी बांधली’ या वाक्याचा अनुक्त कर्ता हा येथील कारागीर आहे, हे विसरता येत नाही. अशा रीतीने एका पारशी उद्योगपतीने योजलेली, एका मराठी अभियंत्याने आखलेली आणि एका पारशी कंत्राटदाराने उभारलेली वास्तू सांगण्याच्या ओघात इंग्रजाची कलाकृती व एतद्देशीयांची घोडचूक होऊन बसते. भुताचा मानही चेंबर्स यांनाच मिळाला आणि वैद्य हे नाव मात्र बहुसंख्य मराठी वाचकांनाही अपरिचित राहिले.

तुलना : शनिवारवाडा :

महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित वास्तुनिगडित भूतकथा शनिवारवाड्याची आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री नारायणराव पेशव्यांची ‘काका, मला वाचवा’ ही हाक ऐकू येते, असे सांगितले जाते. येथे मृत्यू काल्पनिक नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांची वाड्यात हत्या केली. या घटनेशी इचलकरंजीचाही नात्याने संबंध पोहोचतो. बाळाजी विश्वनाथ यांच्या कन्या अनुबाई या इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपडे यांच्या पत्नी. नारायणराव हे त्यांच्या भावाचे नातू, तर रघुनाथराव हे त्यांचे भाचे होत. वासुदेवशास्त्री खरे यांनी लिहिलेल्या इचलकरंजी संस्थानाच्या इतिहासामुळे या घराण्याचा पेशव्यांशी असलेला संबंध अभ्यासकांसमोर सविस्तर आला आहे.

तथापि येथेही भूतकथेने इतिहासाची काटछाट केली आहे. हत्या दिवसाढवळ्या, दुपारी झाली. हाक मात्र मध्यरात्री ऐकू येते. ज्या महालांत ती घडली ते महाल १८२८ च्या आगीत नष्ट झाले; आज उभे आहेत ते तट, दरवाजे व जोती. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा सर्वांना पाठ असते. परंतु तसा फेरफार केलेला मूळ कागद उपलब्ध नाही. याउलट, सत्तेवर असलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्री प्रभुणे यांच्या न्यायनिष्ठेला, बारभाईंच्या कारभाराला किंवा १७७५ च्या सुरत तहामुळे मराठी राजकारणात झालेल्या इंग्रजांच्या शिरकावाला भूतकथेत स्थान नाही. भूत हाक मारते. पण त्या हाकेला राज्याने काय उत्तर दिले, हे ते सांगत नाही. शनिवारवाड्याच्या कथेत मृत व्यक्ती खरी असून परिणाम गाळलेले आहेत, तर ताजमहाल हॉटेलच्या कथेत मृत व्यक्तीच बदललेली आहे, असा भेद करता येईल.

रात्रीच्या फेरीचे नैतिक बंधन :

ताजमहाल हॉटेलात भूतफेरी योजावयाची झाल्यास आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. या वास्तूने खरे मृत्यू फार जवळून पाहिले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचे सहाशे खाटांच्या रुग्णालयात रूपांतर झाले होते. २६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळातील दहशतवादी हल्ल्यात येथे पाहुणे व कर्मचारी मृत्युमुखी पडले. घुमटाखालचा भाग आगीत होरपळला. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा सुरू झाली आणि मृतांच्या नावांचे स्मारक हॉटेलात उभारण्यात आले. पाहुण्यांचे रक्षण करताना प्राण गमावलेल्या कर्मचाऱ्यांचे आप्त आजही हयात आहेत. अशा वास्तूत अंधाराचा आणि किंकाळीचा खेळ मांडणे हे त्यांच्या दुःखाची थट्टा करण्यासारखे होईल. शंभर वर्षांपूर्वीच्या काल्पनिक आत्महत्येने करमणूक होते, ती तिच्यामागे शोक करणारे कोणी नाही म्हणूनच. हा काळाचा फरक भूतफेरीचा व्यवसाय ध्यानात घेतोच असे नाही. इतिहासाच्या शिक्षकाने तो घेतला पाहिजे.

याचा अर्थ रात्रीची फेरी त्याज्य आहे असा नव्हे. रात्री वास्तू वेगळी दिसते, गर्दी ओसरलेली असते आणि ऐकणाऱ्याचे मन एकाग्र होते. हे सामर्थ्य इतिहासाच्या अध्यापनाने का वापरू नये? ताजमहाल हॉटेलच्या जुन्या इमारतीतील फेरीत जिन्यापाशी सोराबजींचे, बंदराकडील खोल्यांपाशी वैद्य व मिर्झा यांच्या आराखड्याचे, तलावापाशी बदललेल्या प्रवेशद्वाराचे आणि स्मारकापाशी केवळ मौनाचे स्थान असू शकेल. चेंबर्स यांच्या भुताची कथाही सांगावी. मात्र ती कथा म्हणून, तिच्या ग्लासगोतील भावंडासह सांगावी.

हाच विचार इचलकरंजीसारख्या गावालाही लागू आहे. घोरपडे संस्थानाचा राजवाडा आज वस्त्रोद्योग व अभियांत्रिकीच्या शिक्षणाचे केंद्र आहे. ताजमहाल हॉटेल सुरू झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. या गावाची रात्र मागांच्या आवाजाने भरलेली असते. राजवाड्यापासून जुन्या माग-कारखान्यांपर्यंत विद्यार्थ्यांची एखादी रात्रफेरी योजल्यास तिला भुताची गरज पडणार नाही. रात्रपाळीतील वृद्ध कामगारांच्या आठवणींची नोंद हेच तिचे फलित ठरेल.

निष्कर्ष :

१) ताजमहाल हॉटेलच्या प्रचलित भूतकथेतील एकही प्रमुख विधान वास्तूच्या ज्ञात इतिहासाशी जुळत नाही.
२) ‘उलट्या इमारती’ची कल्पना १९२४ नंतर बदललेल्या परिसरातून व पुढे बदललेल्या प्रवेशमार्गातून दृढ झाली असावी, तिचा साचा परदेशातही आढळतो.
३) सदर कथेमुळे सीताराम खंडेराव वैद्य, डी. एन. मिर्झा व सोराबजी रतनजी यांचे कर्तृत्व झाकले गेले.
४) भूतकथा हे घटनेचे साधन नसून समाजाच्या स्मरण-विस्मरणाचे साधन आहे, त्या मर्यादेत तिचा अभ्यास उपयुक्त ठरतो.
५) रात्रीच्या वास्तुदर्शन-फेरीत प्रत्येक कथेचा आधार सांगणे आणि निकटच्या काळातील मृतांना करमणुकीचा विषय न करणे, ही दोन पथ्ये पाळल्यास ती स्थानिक इतिहासाच्या अध्यापनाचे प्रभावी साधन होऊ शकते.

मराठी समजुतीप्रमाणे भुताचे देणे फेडले की ते शांत होते. ताजमहाल हॉटेलच्या बाबतीत असे एक देणे निश्चितच शिल्लक आहे आणि ते चेंबर्स यांचे नाही. इतिहासाच्या पाठ्यक्रमात, मार्गदर्शकांच्या निवेदनात व पर्यटन-पुस्तिकांत वैद्य यांचे नाव त्यांच्या कामासह येऊ लागले, तर ते देणे काही अंशी फिटेल.